मानमोडीच्या साली

वैनगंगेच्या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात जुन्या माणसाला वय विचारलं, तर आकडा मिळत नसे, प्रसंग मिळे. कुणी छप्पनच्या दुष्काळात रांगत होतं, कुणाचं लग्न मोठ्या पुराच्या साली लागलं, तर कुणी मानमोडीच्या साली आईच्या पोटात होतं. ऐकणाऱ्यानं हिशेब करायचा. शिरगणतीचे लोकही वय लिहून घेताना असाच गावचा एखादा प्रसंग विचारत आणि त्यावरून वर्षं मोजत. मी लहानपणी ‘मानमोडी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो असाच, कुणाच्या तरी वयाच्या हिशेबात. तो एका साथीचा शब्द आहे, आणि ती साथ एका महायुद्धाच्या पावलांनी आमच्या गावांत आली, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर तो हिशेब करणारी माणसंच उरली नव्हती.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. तिची आठवण मला नेहमी बोदलकसाच्या पाळीवर येते. त्याला कारण आहे.

गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, गायखुरीच्या डोंगररांगांच्या कुशीत बोदलकसाचा तलाव आहे. तिन्ही बाजूंनी जंगल आणि एका बाजूला मातीची पाळ. पाळीची उंची सुमारे १९ मीटर, लांबी पाचशे मीटरच्या वर. पलीकडे नागझिऱ्याचं रान. हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात. शनिवार-रविवारी नागपूरकडच्या गाड्या येतात, लोक पाळीवर फोटो काढतात, संध्याकाळी परत जातात. पाळीखालच्या गावांतल्या माणसाचं तलावाशी नातं वेगळं. त्याला पाण्याची पातळी सांगता येते, कोणत्या वर्षी सांडवा वाहिला ते सांगता येतं, पाट कुठे फुटतो तेही. हा तलाव पुरा झाला १९१७ साली.

पक्षी पाहायला आलेल्या माणसाला या सालाचं काही वाटण्याचं कारण नाही. पण पहिलं महायुद्ध सुरू होतं, बगदाद पडलं होतं, फ्रान्समध्ये चिखलात माणसं मरत होती, त्या वर्षी या जंगलात मजूर डोक्यावर टोपली घेऊन पाळीवर माती टाकत होते. युद्धाचा या तलावाशी थेट संबंध नाही. तो बांधला गेला तो आधीच्या एका मोठ्या मरणाच्या आठवणीतून.

ती आठवण दुष्काळाची. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९००, असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. दुसरा विक्रम संवत १९५६ चा, म्हणून छप्पनचा. धान हे पाण्यावर जगणारं पीक. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, आणि लोंबी भरायच्या वेळी सप्टेंबरात पावसानं पाठ फिरवली की उशिरा पिकणारा भारी धान उभ्याउभ्या वाळतो. ते शेवटचं एक पाणी मिळावं म्हणून या मुलखात शेकडो वर्षं तलाव बांधले गेले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं तलाव बांधण्याची विद्या वाढवली. नाल्याचा उतार पाहून पाळ कुठे घालायची, पाणी सोडायचं तुडूम कुठे बसवायचं, जादा पाणी कुठून जाऊ द्यायचं हे त्यांना मोजपट्टीवाचून कळे. पुढे मालगुजारी आली आणि ते ‘मालगुजारी तलाव’ झाले. आज सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी ते माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा तलाव’ आहेत. पण दोन दुष्काळांनी दाखवलं की गावापुरता तलाव पुरत नाही. १९०१ मध्ये सिंचन आयोग नेमला गेला. त्याच्या विचारातून मध्य प्रांतात सरकारी खर्चानं मोठे तलाव घ्यायचं धोरण पुढे आलं. बोदलकसा त्याच लाटेतला, चोरखमारा थोडा नंतरचा.

दुष्काळात गेलेल्या माणसांची नावं कुठे कोरलेली नाहीत. तरी त्यांच्या मरणाची आठवण एका अर्थी बोदलकसाला काहीशे पावलांत चालून जाता येते. कुणीतरी त्या मरणाचा अर्थ लावला, त्यातून काय करायचं ते ठरवलं, आणि ते मातीत उभं राहिलं. पाळ आहे तोवर तो दुष्काळ पुरता विसरला गेला असं मी म्हणणार नाही, मग पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचं नाव माहीत असो वा नसो.

पाळ पुरी झाली त्याच काळात जे दुसरं मरण आलं, त्याच्या वाट्याला हे आलं नाही.

युद्ध या मुलखापासून लांब होतं. ऑगस्ट १९१४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा सैन्यभरतीचे अधिकारी पंजाबात गेले, कोकणात गेले, साताऱ्याकडे गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून सारं युद्धभर मिळून सुमारे १५ हजार माणसं गेली, आणि त्यांतही बंदूक धरणारे कमी, ओझी वाहणारे, जनावरं सांभाळणारे, स्वयंपाकी, भिस्ती असे बिनलढाऊ जास्त. पंजाबातून साडेचार लाखांच्या जवळपास गेले होते, त्यापुढे हा आकडा किरकोळ. मराठी मुलखावर युद्धाचा खरा घाव पडला तो दूर मेसापोटेमियात, आजच्या इराकमध्ये.

ज्या फौजेवर तो पडला तिचं नाव होतं सहावी डिव्हिजन, तिला ‘पूना डिव्हिजन’ म्हणत. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. सरदार होता मेजर जनरल टाउनशेंड. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तुर्कांनी ही फौज अडवली. ती मागे फिरली आणि टायग्रिस नदीच्या एका वळणावर, कुत-अल-अमारा नावाच्या गावात शिरली. ७ डिसेंबरला वेढा पडला. पुढचे जवळजवळ पाच महिने आत अन्न कमी होत गेलं आणि बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा चिखलात आणि तोफांपुढे अडकत गेल्या. ती सोडवणूक करताना २३ हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली. आत होते त्यांच्यापेक्षा ही संख्या मोठी.

आतल्या उपासाची एक बाजू मला फार खोल वाटते. धान्य सरत आलं तेव्हा घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी नाकारलं. गावी कळलं तर जातीबाहेर टाकतील, मुलींची लग्नं व्हायची नाहीत, ही धास्ती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवून घ्यावी लागली, आणि तीही अनेकांना पटली नाही. परिणाम असा की गोऱ्यांना मैद्याच्या पावानं बेरीबेरी झाली, तर हिंदी शिपायांना ताजी भाजी नाही, मांस नाही म्हणून हिरड्या सडणारा स्कर्व्ही झाला. एप्रिलमध्ये मृत्यू दाराशी आल्यावर पुष्कळांनी ते मांस खाल्लं. जिथे आपण जिवंत परत जाणारही नाही, त्या गावच्या पंगतीचा विचार ही माणसं टायग्रिसच्या काठी करत होती.

२९ एप्रिल १९१६ ला कुत शरण गेलं. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या ताब्यात आली. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर मानानं ठेवण्यात आलं. शिपायांना उन्हातून चालवत नेलं; बगदाद, समारा, मोसुल, आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत. तिथे त्यांना रेल्वेच्या रुळांवर जुंपलं. वाटेत आणि कामावर ते उपासानं, अतिसारानं, थकव्यानं मरत राहिले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे नोकरचाकर यांतलेही हजारो गेले. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासात त्यापूर्वी एवढी मोठी शरणागती क्वचितच झाली असेल, आणि ती ‘पूना’ नावाच्या फौजेची होती. पुण्यात आज किती जणांना हे नाव ऐकून काही आठवेल?

पुढच्या मार्चमध्ये, ११ तारखेला, दुसऱ्या फौजेनं बगदाद घेतलं आणि कुतची नामुष्की त्या विजयाखाली झाकली गेली. माणसं कमी पडू लागली होती. म्हणून १९१७ मध्येच सरकारनं एक बंद दार उघडलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची सैन्यभरती थांबवली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले, उपयोग झाला नव्हता. युद्धानं भाग पाडलं तेव्हा मनमाडला १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपताच, १९२१ मध्ये, ती मोडलीही. ज्यांना हाक मारून बोलावलं त्यांना परत पाठवायला चार वर्षंही लागली नाहीत.

आता पुन्हा धानाच्या मुलखात येऊ. इथून शिपाई थोडे गेले, पण युद्ध इथे दुसऱ्या वाटेनं आलं. रेल्वेचे डबे, इंजिनं, इतकंच काय उखडलेले रूळही मेसापोटेमियाला जात होते. त्यामुळे देशातल्या देशात धान्य हलवणं अवघड झालं. कापड महागलं, मीठ महागलं, रॉकेल महागलं. १९१८ चा पावसाळा लवकर आटोपला. तलावाच्या पाण्याची सोय असलेली शेतं सोडली तर भारी धान बांध्यांत वाळू लागला, आणि जमिनीत ओल नसल्यानं पुढच्या पेरणीचीही आशा नव्हती. अर्धपोटी, अंगावर पुरेसं कापड नसलेली गावं हिवाळ्याच्या तोंडाशी उभी होती.

साथ मुंबईच्या बंदरावर उतरली. युद्धाच्या जहाजांची तिथे सतत ये-जा होती. १० जून १९१८ ला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं रुग्णालयात दाखल झाले. त्या उन्हाळ्यातली लाट सौम्य होती. लोक चार दिवस पडून उठले. सप्टेंबरात ती परत आली तेव्हा तिचं रूप बदललेलं होतं. ताप, कंबर आणि मान मोडून टाकणारी कळ, मग छातीत पाणी, आणि दोन-तीन दिवसांत शेवट. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात, एका दिवसात ७६८ माणसं मेली. तोवर ती रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरली होती.

गोंदियाचं महत्त्व रेल्वेनं वाढवलेलं. मुंबईकडून नागपूरमार्गे कलकत्त्याला जाणारी मुख्य वाट इथून जाते. तेव्हा उत्तरेला बालाघाट-जबलपूरची छोटी गाडी होती, दक्षिणेला चांद्याकडची. तिरोडा याच मुख्य वाटेवरचं स्थानक. ज्या जंक्शनानं या गावांना बाजार दिला, त्याच जंक्शनातून चारी दिशांना ताप गेला. युद्ध नसतं तर साथ आली नसती असं कुणी ठामपणे म्हणू शकणार नाही. पण भरलेली जहाजं, गर्दीच्या सैनिकी गाड्या, घरी परतणारे आजारी शिपाई, अडलेलं धान्य आणि भाववाढ यांनी तिला वाट आणि वेग दोन्ही दिलं. डॉक्टरही कमी होते. त्यांतले कित्येक लष्करात गेलेले.

गावात काय झालं ते म्हातारी माणसं एका वाक्यात सांगत: “एकाले पोचवून येत, त दुसरा तयार.” याच्यापुढे ती बोलत नसत. ऐन कापणीचे दिवस. हलका धान शेतात पिकून उभा, आणि विळा धरायला घरात उभं राहील असं कुणी नाही. नेहमीची साथ आधी म्हातारे आणि तान्ही मुलं नेते. मानमोडीनं वीस ते चाळीस या वयातली कर्ती माणसं नेली. आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं त्यांनी, सगळ्यांना पेज पाजायची त्यांनी, स्वतः शेवटी जेवायचं त्यांनी. आणि ताप आला तरी चुलीपाशी उठायचं त्यांनीच. गरोदर बायकांचं मरण तर आणखी. पुढच्या वर्षी पाळणे हलले नाहीत, हे जन्माच्या आकड्यांतही उतरलं.

देशभर किती माणसं गेली यावर अभ्यासकांचे हिशेब वेगळे आहेत. कमीतला सव्वा कोटीच्या जवळपास जातो, जास्तीतला पावणेदोन कोटींच्या पुढे. ज्या प्रांतांना सर्वांत जास्त मार बसला त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड आहेत. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ ते १९२१ या दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या सगळ्या जनगणनांमध्ये अशी घट झालेलं हे एकच दशक, आणि लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ ला आजही ‘महाविभाजक वर्ष’ म्हणतात. महायुद्धाच्या रणांगणांवर हिंदी सैन्याचे ७४ हजारांच्या आसपास लोक मेले. १९१८ च्या शेवटच्या चार-पाच महिन्यांत घरी, खाटेवर, त्याच्या दीडशेपटीहून अधिक मेले. ११ नोव्हेंबर १९१८ ला युरोपात शांततेच्या घंटा वाजल्या तेव्हा आमच्या नद्यांच्या काठी लाकूड मिळत नव्हतं.

आणि हे सगळं एका पिढीत पुसलं गेलं.

कसं, याचा विचार मी बराच केला आहे. माणसं दुःख विसरतात म्हणून, हे उत्तर मला पुरत नाही. पानिपत होऊन अडीचशेहून अधिक वर्षं झाली. लढाईचे तपशील ठाऊक नसलेला माणूसही एखाद्याचं ‘पानिपत झालं’ असं म्हणतो. भाषेनं ते दुःख आपल्यात घेतलं. कुतच्या वाट्याला असा वाक्प्रचार आला नाही. गावोगावच्या वीरगळांवरची नावं गेली, कुणासाठी कोण मेलं हे गेलं, तरी सणाला त्या दगडाला शेंदूर लागतो. मेलेल्याचा देव झाला म्हणून तो टिकला. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ ला ब्रिटिशांविरुद्ध जो उठाव झाला तो आमच्या विदर्भात आजही दरवर्षी आठवला जातो. त्याला दिवस आहे, तुकडोजी महाराजांच्या भजनांचा आवाज आहे, हुतात्म्यांची नावं आहेत, आणि ‘हे आमचं’ म्हणणारा देश आहे.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोठा वाटतो: आठवणीला वारस लागतो. भीमा-कोरेगावचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं तो आपल्या विजयासाठी उभारला, त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली, आणि काळ पुढे गेला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि दगडावरची नावं वाचणाऱ्यांना ती आपल्या घरातली वाटू लागली. सरकारनं एका हेतूनं उभारलेल्या दगडाला लोकांनी दुसरा, स्वतःचा अर्थ दिला. ज्या महारांच्या पलटणी गरजेपुरत्या उभारल्या आणि मोडल्या गेल्या, त्यांनी ती आठवण उचलून धरली. शंभर वर्षं दुर्लक्षित राहिलेली आठवणही पुन्हा जागी होऊ शकते, याचं याहून ठळक उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

कुतला असा वारस मिळाला नाही. तिथे मेलेला मराठा शिपाई साम्राज्यासाठी लढला. देश स्वतंत्र झाल्यावर त्याच्याकडे कोणत्या नात्यानं पाहायचं हेच कुणाला सुचलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा दिवस साजरा होतो तो ४ फेब्रुवारीला, तानाजीच्या कोंढाण्याचा. शरणागतीचा दिवस कोणती पलटण साजरा करील? ज्यांच्यासाठी तो लढला त्यांनीही त्याला अर्धवटच आठवलं. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसापोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४० हजारांहून अधिक माणसांची स्मृती आहे. गोऱ्या शिपायाचं नाव तिथे दगडात आहे. हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावापुढे फक्त संख्या आली. त्या पलटणीतले किती मेले, एवढंच. साताऱ्याचा कुणी सखाराम, रत्नागिरीचा कुणी रामजी तिथे आकड्यात मिळून गेला. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमानं ते अख्खं स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं गेलं. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं स्वतःच्या चौकशीत कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी मृतांना त्या काळी समान वागणूक मिळाली नाही. किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी असतील की ज्यांची स्मृती नावानं ठेवलीच गेली नाही. एकशे पाच वर्षांनी आलेल्या त्या कबुलीनं मला समाधान झालं नाही, पण निदान कुणीतरी मोजायला बसलं.

जिथे गावानं स्वतः धरून ठेवलं तिथे मात्र आठवण टिकली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत, आणि गाव आजही नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं. तिथे घराघरांतून पुढची पिढी सैन्यात जात राहिली, म्हणून आधीच्यांचं नाव घ्यायला कुणीतरी राहिलं. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके मेले. नावं नसतात, तरी पाटी असते.

मानमोडीला पाटीही नाही. तिच्यात मेलेला कुणाशी लढला नव्हता, त्याला पदक नव्हतं, त्याच्या विधवेला पेन्शन नव्हतं. साथीचा नेमका दिवस नाही, ठिकाण नाही, शत्रू नाही. घरोघरी माणूस गेलेलं, त्यामुळे कुणी कुणाकडे सांगायला जावं असं काही उरलंच नाही. शिवाय १८९७ नंतर ज्या सरकारनं दुष्काळावर आयोग नेमले आणि तलाव बांधले, त्याला युद्धातल्या विजयाचे सोहळे करायचे होते. मानमोडीतून कुणी काही बांधलं नाही. तिची खूण म्हणून बोलीत एक शब्द राहिला आणि वय मोजायची ती पद्धत राहिली. जन्मदाखले आले, शाळेत तारीख लिहू लागले, आणि त्या पद्धतीची गरजच संपली. कागदावर तारीख आली तसं तोंडातलं साल गेलं. मला हे फार लागतं, कारण यात कुणाचा दोष नाही. मुलाला शाळेत घालणाऱ्या बापानं तारीख लिहून दिली, हे चांगलंच केलं.

याउलट दुसऱ्या महायुद्धानं गोंदिया जिल्ह्यात दिसेल अशी एक वस्तू ठेवली: बिरसीची धावपट्टी. १९४० मध्ये ब्रिटिशांनी ती युद्धासाठी बांधली. पुढे ती बरीच वर्षं निपचित पडली होती. आता तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, आणि २०२२ पासून प्रवासी विमानंही उतरू लागली. विमानात बसणाऱ्याला आपण कुणाच्या युद्धाच्या डांबरावरून उडतोय हे सांगायला तिथे कुणी नाही. धावपट्टी टिकली कारण ती कामाला येते.

२०२० मध्ये करोना आला तेव्हा अचानक सगळ्यांना १९१८ आठवलं. वर्तमानपत्रांनी जुने फोटो छापले, पण ते बहुधा अमेरिकेतले, मुखपट्ट्या बांधलेल्या पोलिसांचे. आमच्या मध्य प्रांताचं चित्र कुणाकडे नव्हतंच. त्या काही महिन्यांत मी घरोघरी विचारलं. नव्वदीच्या पुढचे दोघे-तिघे ‘मानमोडी’ हा शब्द ऐकून थांबले, आणि आपल्या आईकडून ऐकलेलं तेच वाक्य त्यांनी सांगितलं. त्यांतलं कुणी आज नाही. आणि करोना तरी कितीसा आठवतो? खाटेसाठी, ऑक्सिजनसाठी धावलेली माणसं आता त्या दिवसांबद्दल बोलायचं टाळतात. शंभर वर्षांपूर्वी हे असंच झालं असणार.

तरी एक जागा आहे जिथे मानमोडीची माणसं अजून सापडतात. मध्य प्रांतात जन्म-मृत्यूची नोंद गावचा कोतवाल ठेवी. बहुतेकदा तो दलित घरातला, अक्षर न येणारा. तो पोलीस ठाण्यावर जाऊन तोंडी सांगे आणि तिथे लिहून घेतलं जाई: तारीख, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. ही ‘कोतवाल बुकं’ आज विदर्भातल्या तहसील कचेऱ्यांत कपाटांतून, कापडात बांधून ठेवलेली असतात. जात पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो, म्हणून कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या मुलाचा बाप त्यांची नक्कल काढायला येतो. पानं ठिसूळ, शाई तपकिरी झालेली. बापाचं बोट आपल्या आडनावाच्या शोधात जातीच्या रकान्यावरून खाली सरकत जातं. १९१८ च्या ऑक्टोबराशी आलं की नोंदी दाट होतात. इन्फ्लुएन्झासाठी वेगळा रकाना नव्हता. सरकारी आकड्यांत ही सारी मरणं तापाच्याच खात्यात गेली. ताप. खाली पुन्हा ताप. बोट तिथे थांबत नाही, कारण शोधायचं असतं ते शेजारच्या रकान्यात. पणजोबाचं नाव आणि जात सापडली की बाप सुटकेचा श्वास टाकतो, नकलेचे पैसे भरतो, पावती खिशात घालतो. मुलाचा अर्ज शेवटच्या तारखेच्या आत पोचायचा असतो.

मागच्या सप्टेंबरात मी बोदलकसाला होतो. पावसानं बरेच दिवस दडी मारली होती. पाळीखाली शेतकऱ्यांची गर्दी जमली होती, भारी धानाला शेवटचं पाणी कधी सोडणार म्हणून. संध्याकाळी दार उघडलं, आणि पाटात पाणी आल्याबरोबर लोक आपापल्या बांध्यांकडे धावले.